न आलेल्या विमानांसाठी

विमानं यायला अजून तीन वर्षं आहेत.
केमियार्वीच्या धावपट्टीवर सध्या फक्त बर्फ उतरतो
आणि राइया वेहमासच्या टेबलावर एक यादी :
अकरा हजार दोनशे सहा ओळी,
प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन.
किती?

काय मोडेल ते तिनं आज ठरवायचं.
जे अजून जोडलंही गेलेलं नाही
त्याचं मोडणं.

पुढच्या चाकाचे टायर : सोपं.
टायर प्रामाणिक असतात, दिसत दिसत झिजतात.
इंधनपंप : कारखाना म्हणतो, चार हजार तासांत एकदा.
कारखाना एका उन्हाच्या गावात आहे.
तिथल्या कुणीच ऐकलेलं नाही
उणे अडतीसमध्ये रबर कसं कण्हतं ते.
ओळ चार हजार एकशे सतरा,
वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेभोवतीची रबरी पट्टी.
इथे तिची पेन्सिल थांबते.

बाळंतविडा शिवताना निदान एवढं ठाऊक असतं
की बाळाला दोन हात असतील.
इथे टोपडं शिवायचं
ते वीस वर्षांनी होणाऱ्या सर्दीसाठी.

हिशेबखात्यातला येरे फोनवर म्हणतो,
इतक्या कशाला? लागल्या की मागवू.
लागल्या की!
मागवल्यापासून पाचशे चाळीस दिवस.
तहान लागल्यावर विहीर खणायची,
तीही परक्याच्या अंगणात, परक्याच्या कुदळीनं,
आणि घागरी घेऊन सात देश आपल्या पुढे उभे.

जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या कोठारात जाते.
बाहेर उजेड निळा, आता आहे, दोनला नसेल.
तौनो हिर्विकोस्कीनं मागवलेले डबे
सगळ्यात वरच्या फळीवर. बेचाळीस.
मेणकागद तसाच, तिरकी सही तशीच.
त्याला वाटलं होतं, हे सारखं बिघडणार.
एकदाही बिघडलं नाही.

आणि शेजारचा कप्पा,
जिथे त्यानं बोटाएवढ्या दोनच झडपा ठेवल्या होत्या,
तो अठ्ठावीस वर्षं रिकामा.
दर जानेवारीत एक विमान उभं करायचं,
त्याची झडप दुसऱ्याला,
मग त्याचाच पंप तिसऱ्याला,
मग त्याची खुर्चीसुद्धा.
मेकॅनिक त्या विमानाला 'दुकान' म्हणायचे
आणि जाता-येता त्याच्या पोटावर थाप मारायचे,
माफी मागितल्यासारखी.

असून अडचण, नसून खोळंबा.
कोठाराचं सगळं शास्त्र एवढंच,
बाकी गणित.

तौनोला तिनं एकदा विचारलं होतं.
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
गळ सोडून बसला होता म्हातारा.
बेचाळीसच का?
बराच वेळ तो त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला.
'त्या वर्षी मला भीती वाटत होती.'
कशाची ते बोलला नाही.
तिनंही विचारलं नाही.
संध्याकाळपर्यंत एक मासा लागला नाही,
पण त्यानं आमिषाचे तीन डबे आणले होते.

सूत्रात शांततेचे तास आहेत,
दर विमानाला, दर वर्षी, मोजून दोनशे.
दुसरा एक आकडा आहे.
तो वेगळ्या कपाटात, वेगळ्या किल्लीखाली,
आणि त्या कपाटाजवळून जाताना
सगळेच जरा हळू बोलतात.

परत टेबल. कॉफी गार.
सूत्र म्हणतं सहा.
ती सहा लिहिते, खोडते,
कागदावरची रबराची चुरी फुंकते,
आणि अकरा लिहिते.
तिच्या निवृत्तीनंतर कधीतरी
आज बालवाडीत असलेला एखादा पोरगा
मोजे काढून, गारठलेल्या बोटांनी
यातला एक डबा उघडेल,
किंवा धूळ पुसून सही वाचेल आणि हसेल.
दोन्ही चालेल.
हसला तर जास्त बरं.

शेऱ्याच्या रकान्यात वाढीचं कारण द्यावं लागतं.
ती लिहिते : थंडी.

पुढची ओळ स्क्रूची आहे.
स्क्रू सोपे.